घरचं पेट्रोल

३ जानेवारी

काका,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र बाजूला ठेवणार असाल तर ठेवा, पण आधी एवढं वाचा. मला एक परवानगी हवी आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही.

तुमची छोटी गाडी अजून मागच्या पत्र्याच्या शेडमध्येच आहे. बाबांनी ती विकली नाही आणि चालवलीही नाही. दर रविवारी सकाळी जाऊन इंजिन चालू करतात, थोडा वेळ बाजूला उभे राहतात, बंद करतात आणि आत येऊन हात धुतात. का, असं विचारायची आमच्याकडे सोय नाही. आत्या म्हणते, "भावाशी बोलत नाही, भावाच्या गाडीशी बोलतो."

मला ती गाडी चालवायची आहे. त्याआधी तिच्यात बरेच बदल करायचे आहेत, कमी पेट्रोलात जास्त लांब जावी म्हणून. दुसऱ्याच्या वस्तूचा स्क्रूसुद्धा विचारल्याशिवाय फिरवू नये, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी शाळेत जायला लागेपर्यंत तुम्ही तिघंच माझी शाळा होतात: आत्याकडे वाचन, बाबांकडे विज्ञान आणि तुमच्याकडे गॅरेजच्या टेबलावर नट-बोल्ट मांडून गणित. त्यामुळे चुकीचं उत्तर आलं की मला अजून ग्रीसचा वास येतो.

कारण सांगते. इथल्या पाणी मोजणी कचेरीत एक जागा निघाली आहे. आठवड्यातून एकदा ठरलेल्या फेरीवर जायचं, धरण, कालवे, विहिरी यांच्या पाण्याची पातळी मोजायची आणि लिहून आणायची. कचेरीची जीप मोडीत निघाली, म्हणून उमेदवाराची स्वतःची गाडी हवी. पेट्रोल कचेरी देते, पण मोजून, आणि फेरीच्या वाटेवर पंप नाही. तेवढ्यात फेरी पुरी व्हायची तर लिटरला एकवीस किलोमीटर पडायला हवेत. तुमची गाडी तुमच्या वेळी सोळा द्यायची.

जाहिरातीत एक ओळ होती: प्रत्येक माप दोनदा घेणे आवश्यक. ती मी किती वेळा वाचली ते सांगत नाही. आधी मी औषधांच्या कारखान्यात वजनं तपासायची. तिथं दोनदा मोजणं हा माझा दोष ठरला. सध्या घरी आहे. थोडी दमले होते. आता बरी आहे.

तुम्ही गिऱ्हाइकांना पेट्रोल वाचवणारी चुंबकाची पट्टी विकत होतात आणि बाबांनी भर गॅरेजमध्ये, त्यांच्यासमोर, तुम्हाला लबाड म्हटलं. मी तिथंच टेबलाशी होते. कोण बरोबर ते मी ठरवत नाही. मला फक्त गाडीबद्दल विचारायचं आहे.

तुमची,
काटेबाई
(तुम्ही ठेवलेलं नाव घरात अजून चालतं.)


२० जानेवारी

काका,

कार्ड मिळालं. आत्या टपाल कचेरीत असल्यामुळे ते घरी येण्याआधी तिचं वाचून झालं होतं. "'गाडी तुझी समज. आधी चाकं हातानं फिरवून बघ.' एवढंच? याला कार्ड कशाला वाया घालवायचं, कबुतराच्या पायाला बांधायचं!" असं म्हणून तिनं ते माझ्या उशीखाली ठेवलं.

तुम्ही म्हणालात म्हणून आधी चाकं उचलली. तीन मोकळी फिरली, मागचं डावं फिरेना. ब्रेक आत घासत होता. म्हणजे गाडी इतके दिवस एक पाय ओढतच उभी होती. तो सोडवला. मग टायरची हवा कंपनीनं सांगितली आहे तेवढी भरली. टपावरचं लोखंडी कॅरियर काढलं. मागची सीट काढली, तिच्याखालून तुमचा एक पाना, दोन चमचे आणि माझी हरवलेली फूटपट्टी निघाली. प्लग बदलले, हवेचा फिल्टर बदलला. चाकांना गुळगुळीत झाकणं हवी होती, ती मी डब्यांच्या जुन्या झाकणांची केली. आत्या म्हणाली, आता घरात एकही डबा बंद होत नाही.

पुढच्या जाळीवर प्लास्टिकचा पत्रा लावून पाहिला, वारा आत शिरू नये म्हणून. गाडी तापली आणि बाजारात, भाजीवाल्यांच्या मधोमध, तिनं वाफ सोडली. अर्धा पत्रा कापला. आता ठीक आहे.

मोजायची पद्धत अशी: टाकी तोंडापर्यंत भरायची, त्याच पंपावर, त्याच जागी गाडी उभी करून. मग एक ठरलेला रस्ता चालवायचा. गाडी शेडमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोंडापर्यंत भरून किती मावलं ते बघायचं. लगेच भरत नाही, कारण गरम पेट्रोल फुगतं. हे बाबांनीच शिकवलं होतं.

बाबा शेडच्या दारात उभे असतात. गॅरेज बंद झाल्यापासून ते शिलाई मशीन दुरुस्त करतात, हातात कायम एखादी छोटी चकती असते. काल फक्त म्हणाले, "जॅक त्यानं नेहमी उजवीकडून लावला." तो म्हणजे तुम्ही. नंतर आत गेले.

सध्या साडेसतरा.

काटेबाई


९ फेब्रुवारी

काका,

मला तुमचं डोकं उसनं हवं आहे.

आकडा चढत गेला. साडेसतरा, एकोणीस, मग एकवीस, मग एकदम तेवीस. अर्जाची मुदत संपत होती, म्हणून मी तेवीस लिहून अर्ज टाकला. घरात आनंद झाला. आत्यानं शेजारणीला सांगितलं की आमची मुलगी गाडीला उपाशी ठेवून पळवते. मीही खूश होते. भांडी घासताना गात होते असं आत्या म्हणते.

पण तेवीस का, हे मला सांगता येईना. टपावरचं कॅरियर काढून थोडं मिळतं, हवेनं थोडं मिळतं. सगळं धरलं तरी माझ्या हिशेबात तेवीस येत नव्हतं. मग मी जे करायला हवं ते केलं, सगळं उलटं. कॅरियर परत बसवलं. टायरची हवा पूर्वीइतकी कमी केली. चाकांची झाकणं काढून डब्यांना परत दिली. आता आकडा खाली यायला हवा. किती खाली येतो यावरून कशानं किती फायदा झाला ते कळेल.

पंचवीस आले.

मी गाडी बिघडवली आणि ती सुधारली. पुन्हा केलं, पुन्हा पंचवीस. पंपावरचा माणूस मला बघून आता हसतो, म्हणतो, "ताई, तुमची गाडी वाऱ्यावर चालते का?"

काका, कारखान्यातही शेवटी असंच झालं होतं. काटा एक दाखवायचा आणि माझा विश्वास बसायचा नाही. मग मी पुन्हा वजन करायची, पुन्हा, पुन्हा, आणि सगळा माल अडकून पडायचा. तेव्हा काटा बरोबर होता आणि मी चूक होते. हे सगळ्यांनी मला समजावून सांगितलं आणि मी ते मान्य केलं. आता परत आकड्यावर विश्वास बसत नाही. या वेळीही मीच चूक असेन तर मला ती जागा मागायचा हक्क नाही.

कृपा करून लवकर लिहा. दोन ओळी चालतील.

काटेबाई


१३ फेब्रुवारी

काका,

तुमचं उत्तर यायच्या आधीच कळलं. आधीचं पत्र फाडून टाका.

परवा गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं तेव्हा कडेला तेलकट बोटांचे ठसे दिसले. शिलाई मशीनचं तेल. मी रात्रीच्या जेवणापर्यंत थांबले, कारण आमच्याकडे तिघं एका जागी तेवढ्याच वेळी असतात.

"बाबा, तुम्ही गाडीत पेट्रोल घालता का?"

बाबांनी पाण्याचा तांब्या उचलला. तो रिकामा होता. तरी त्यांनी पेल्यात ओतल्यासारखं केलं.

"मशीनचे पार्ट धुवायला आणतो मी पेट्रोल," ते म्हणाले. "कधी कधी उरतं."

"उरलेलं कुठे जातं?"

"बोल की दादा आता," आत्या म्हणाली. "नाहीतर ही त्या तांब्याचंही माप काढेल."

"बाटलीभर," बाबा म्हणाले. "तू गाडी लावून आत गेलीस की. बाटलीभरच."

मी मनात हिशेब केला. "बाटलीभरानं एवढं होत नाही."

आत्या फार मन लावून ताटातली चटणी गोळा करत होती.

"आत्या?"

"माझी तर पर्समधली खोकल्याच्या औषधाची बाटली! ती काय धरायची?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "तू पण?"

"म्हणजे तू पण? अरे, मला वाटलं तू हरिश्चंद्राचा अवतार, तू कशाला असलं करशील! म्हणून तर मी केलं!"

"पर्समध्ये पेट्रोल घेऊन टपाल कचेरीत बसायचीस? पेटली असतीस म्हणजे?"

"मला नको शिकवूस. तुझ्या बाटलीला तर बूचसुद्धा नाही!"

दोघं एकमेकांवर तुटून पडले आणि मी मध्ये बसून होते. मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं, पण बोलले. "बाबा, याच कारणावरून तुम्ही काकांना लबाड म्हणालात."

आत्यानं ताट बाजूला सारलं.

"त्यानं पैशासाठी केलं," बाबा म्हणाले.

"आणि तुम्ही?"

उत्तर आत्यानं दिलं. म्हणाली, "तू तीन महिने त्या खोलीतून बाहेर आली नाहीस. नेलेलं ताट तसंच परत यायचं. त्याआधी दार उघडं टाकलं का, गॅस बंद केला का, हे विचारत तू घरभर फिरायचीस, आणि मग तेही बंद झालं, तेव्हा आम्ही जास्त घाबरलो. गाडीखाली शिरलीस त्या दिवशी तू मागून घेऊन जेवलीस. आकडा वाढला की गायचीस. मग काय करायचं आम्ही? आकडा वाढवला."

"आणि मी कॅरियर परत चढवलं तेव्हा?"

"तू हात टेकलेस असं वाटलं," बाबा म्हणाले. "म्हणून त्या आठवड्यात मी जास्त घातलं."

"मीही," आत्या म्हणाली.

म्हणून पंचवीस. मी तपासत होते आणि त्यांना वाटलं मी हरले.

तुम्हाला लिहिलं होतं की थोडी दमले होते. तेवढंच नव्हतं, ते आता तुम्हाला कळलंच आहे. मला राग पेट्रोलचा नाही. मीही कदाचित त्यांच्यासाठी असंच काही केलं असतं. राग याचा आहे की खरा आकडा, माझ्या हिशेबानं अठराच्या आसपासचा, त्यांच्या मते मला झेपत नाही. ज्या माणसाला अठरा सांगता येत नाही, त्याला उद्या धरणाची पातळी कोण विचारेल?

एक प्रश्न आहे, तो आता विचारते, नंतर धीर होणार नाही. ती पट्टी काम करते असं तुम्हाला खरंच वाटत होतं का?

काटेबाई


२ मार्च

काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आत्यानं या वेळी पाकीट उघडलं नाही, पण दिव्यासमोर धरून पाहिलं असावं.

आधी माझी बातमी. मी पाणी मोजणी कचेरीत जाऊन आकडा दुरुस्त करून आले. सगळे बदल परत करून, आणि शेडला कुलूप लावून, किल्ली गळ्यात बांधून मोजलं. खरे साडेअठरा. तेवीस खोडून मी तेवढे लिहिले आणि खाली सही केली. तिथले निरीक्षक साहेब आडव्या बांध्याचे आहेत, खुर्चीतून उठताना खुर्चीही थोडी उठते. ते म्हणाले, "आजवर लोक इथं आकडा वाढवायला आले. कमी करायला कुणी आलं नव्हतं. बाई, एकवीस लागतात, माहीत आहे ना?"

म्हटलं, माहीत आहे.

"मग?"

म्हटलं, चाचणीच्या दिवसापर्यंत बघते. ते हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी फेरीचा नकाशा दिला. रस्ता तुमच्या गावाबाहेरून जातो आणि तिथून तो लांब चढ चढतो. हे मला आधी माहीत नव्हतं. हे खरं आहे, काका. माहीत असतं तर कदाचित मी अर्जच केला नसता.

आता तुमच्या पत्राबद्दल. तुम्ही लिहिलंत की पट्टी लावल्यावर गिऱ्हाइकांच्या गाड्या खरोखरच जास्त जायच्या, तुम्ही स्वतः मोजलं होतं, म्हणून विकली. आणि बऱ्याच दिवसांनी तुमच्या लक्षात आलं की पट्टीनं काहीच होत नव्हतं. वाचवणारी वस्तू बसवली आहे या जाणिवेनं माणूसच जपून चालवायचा. पाय हलका पडायचा. महिन्याभरानं पट्टीचा विसर पडला की गाडी पुन्हा पहिल्यासारखी. हे बाबांना सांगायला तुम्ही निघाला होतात, पण लबाड हा शब्द मध्ये उभा होता.

मी ते पान बाबांना दिलं. तुमची परवानगी न घेता दिलं, त्याबद्दल क्षमा. त्यांनी चष्मा पुसून वाचलं. मग मशीनचं पायडल तीन-चार वेळा रिकामंच मारलं. म्हणाले, "म्हणजे त्यानं मोजलं होतं." एवढंच.

तुमचं दुसरं पान मी स्वतःसाठी ठेवलं. ब्रेक मारणं म्हणजे विकत आणलेला वेग रस्त्यावर ओतून देणं. जिथं थांबायचं आहे तिथं आधीपासून पाय उचल. लांब बघ. परवा हे लक्षात ठेवून गाडी चालवली तेव्हा कळलं की मी किती ब्रेक मारते. लांब कुत्रं दिसलं की ब्रेक. कुत्रं नसलं तरी, असेल म्हणून ब्रेक. मी सीट काढली, कॅरियर काढलं, पानासुद्धा काढला, पण सगळ्यात जास्त पेट्रोल माझी भीती पीत होती.

ती काढून शेडमध्ये ठेवता येत नाही. पण लांब बघितलं की थोडी कमी होते. परवा एकोणीस, काल वीस. चाचणी पंधरवड्यात आहे.

काटेबाई


१७ मार्च

काका,

चाचणी झाली. सरळ सांगते: पुरलं नाही.

सकाळी कचेरीत टाकी रिकामी केली, मोजून पेट्रोल भरलं, झाकणावर मोहर लावली. बाबा आणि आत्या फाटकाबाहेर उभे होते. आत्या मोठ्यानं म्हणाली, "दादा, हात दाखव सगळ्यांना!" बाबांनी खरंच दोन्ही हात वर करून दाखवले.

मग निरीक्षक साहेब माझ्या शेजारी येऊन बसले आणि गाडी एका अंगाला कलली. काका, मी फूटपट्टीचंसुद्धा वजन धरलं होतं. परीक्षकाचं धरलं नव्हतं. त्यांनी माझा चेहरा बघितला असावा. म्हणाले, "घाबरू नका, जेवणाचा डबा मी कचेरीतच ठेवून आलोय."

फेरी चांगली झाली. सगळी मापं दोनदा घेतली. एका विहिरीवर दोन मापं जुळली नाहीत तर तिसरं घेतलं. साहेब छत्री धरून शांतपणे उभे होते, घड्याळ बघत नव्हते. मला असं उभं राहिलेलं माणूस पहिल्यांदाच भेटलं.

तुमच्या गावाबाहेरचा चढ लागला तेव्हा मी घाबरले. गाडी दमेल, मागे सरकेल असं वाटून पायथ्यालाच तिसरा गियर टाकला आणि वर पोचेपर्यंत तशीच कोकलत नेली. तिथं ती किती प्यायली कोण जाणे. कचेरीच्या पाण्याची टाकी समोर दिसायला लागली, मधे एक छोटासा उंचवटा राहिला, आणि इंजिन बंद पडलं.

आम्ही दोघं उतरलो. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि मागून ढकललं. उंचवट्यावर पोचल्यावर आत बसलो, आणि गाडी आवाज न करता उतरत कचेरीच्या फाटकातून आत गेली, अगदी ऐटीत. बाहेर आत्यानं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं झालं.

साहेबांनी कागद काढला. "फेरी पूर्ण, लिहू का? आली तर खरी फाटकात."

"इंजिन बंद पडलं होतं. ढकलत आणली. तसं लिहा."

"मीच ढकलली हेही लिहू?"

"हो."

त्यांनी लिहिलं. मग म्हणाले, दुसऱ्या उमेदवाराची गाडी निम्म्या वाटेत राहिली. तेव्हा पुढच्या आठवड्यात तुमची आणखी एक चाचणी घेता येईल, हवं तर माझ्याऐवजी एखादा सडसडीत माणूस पाठवतो. म्हटलं, नको, तुम्हीच या, नाहीतर दोन चाचण्यांची तुलना होणार नाही. त्यावर मात्र ते खूप हसले.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "किती पडले?"

"एकवीसला थोडे कमीच."

आत्या काहीतरी गोड बोलायला तोंड उघडत होती. बाबांनी तिला हातानं थांबवलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "कमी आहेत."

"हो."

"कुठे गेलं पेट्रोल?"

"चढावर."

"बैस. सांग कसा चढलीस ते."

काका, कित्येक महिन्यांत माझ्याशी कुणी असं बोललं नव्हतं. आम्ही दोघं बराच वेळ बसलो. शेवटी आमचं एका गोष्टीवर अडलं. तेव्हा बाबांनी हे पत्र माझ्या हातातून घेतलं. खालच्या ओळी त्यांच्या आहेत.

चढाला लागण्याआधी तिसरा टाकावा की चौथ्यातच न्यावी? मी तिसरा म्हणतो, फक्त जरा उशिरा. गाडी तुझ्या हाताखालची आहे, तुला जास्त माहीत. गुरुवारच्या आत कळव.

त्यांनी सही केलेली नाही. मीही करत नाही.


२५ मार्च

काका,

बुधवारपर्यंत तुमचं उत्तर आलं नाही. आत्यानं टपालाच्या सगळ्या पिशव्या दोनदा उलट्या केल्या. बाबा म्हणाले, "नसेल लिहायचं त्याला," आणि एक मशीन, जे दुरुस्त झालेलं होतं, ते पुन्हा उघडून बसले.

गुरुवारी तेच साहेब, तेवढंच पेट्रोल, तीच मोहर. चढ जवळ आला तसा माझा हात गियरवर गेला. मी तिसराच टाकणार होते.

तेव्हा पायथ्याशी, रस्त्याच्या कडेच्या दगडावर, तुम्ही उभे दिसलात. पहिल्यांदा ओळखलं नाही. तुम्ही डावा हात वर केलात आणि चार बोटं दाखवलीत.

साहेब दचकले. "चौघं जण आहेत म्हणतोय वाटतं. बसवायचे आहेत का?"

"माझे काका आहेत."

"मग थांबा की!"

"थांबले तर परत वेग घ्यायला पेट्रोल जाईल."

ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "बाई, तुम्ही अवघड आहात."

तुमच्या इतक्या जवळून गेले की तुमच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं दिसलं. मी हॉर्नसुद्धा वाजवला नाही, कारण दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि डोळे लांब, तुम्ही लिहिलं होतंत तसे. वेग होता तेवढा घेऊन चौथ्यातच चढाला भिडले. मधे एकदा ती थरथरली. माझा हात गियरवर गेला, आणि मी तो परत घेतला. मग ती चढली. आरशात बघितलं तेव्हा तुम्ही बारीक दिसत होतात आणि तुमचा हात अजून वरच होता.

फाटकातून आत आले तेव्हा इंजिन चालू होतं. उरलेलं पेट्रोल काढून मोजलं, चहाचा एक कप भरेल एवढं निघालं. साहेबांनी दोनदा मोजलं. एक तारखेपासून रुजू व्हायचं आहे.

घरी सांगितलं. आत्या रडली आणि मग डब्यांची झाकणं परत मागायला लागली. बाबांनी आधी गियरचं विचारलं.

"चौथाच?"

"चौथाच."

"तिसऱ्यातही गेली असती," ते म्हणाले. आणि विचारलं, "कोणत्या हातानं दाखवलं?"

"डाव्या."

"हं. म्हणजे उजवा खांदा अजून वर जात नाही." मग उगाचच खिडकी लावून घेतली. "फेरीला तुझ्या शेजारची जागा आता रिकामी असेल ना? माझं वजन त्या साहेबांपेक्षा कमीच भरेल."

म्हटलं, नियमात बसतं का ते विचारावं लागेल. आज कचेरीत जाऊन विचारलं. बसत नाही. फेरीवर खाजगी माणूस नेता येत नाही.

म्हणून आम्ही येत्या रविवारी येतो, आमच्या पेट्रोलवर. सकाळी लवकर निघू. चढाच्या पायथ्याशी त्याच दगडाजवळ उभे राहा. मी थांबणार आहे.

काटेबाई